परंतुक कोडमध्ये आलं का?

कायद्याचे नियम सॉफ्टवेअरमध्ये उतरवताना काय चुकतं, यावर आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं.

मुलुंडहून एक प्रोग्रामर विचारतात: आरटीआयच्या पहिल्या अपिलाला 30 दिवस आहेत. 31व्या दिवशी ऑनलाइन फॉर्म बंद केला तर चुकलं काय?

चुकलंच. कलम 19(1) शेवटपर्यंत वाचा, खाली परंतुक आहे, म्हणजे नियमाला तिथेच जोडलेला अपवाद. वेळेत न येण्याला पुरेसं कारण होतं अशी खात्री पटली तर अधिकाऱ्याला उशिराचं अपीलही दाखल करून घेता येतं. म्हणजे 31व्या दिवशी फॉर्म बंद नाही करायचा, 'उशीर का झाला' हा रकाना उघडायचा, डिस्चार्ज कार्ड वगैरे जोडायला जागा द्यायची आणि केस अधिकाऱ्याच्या लॉगिनला पाठवायची. कायद्यात 'करता येईल' दिसलं की तिथे माणूस हवाच, तो निर्णय कोडने घ्यायचा नाही.

अजून एक. शेवटचा दिवस रविवार आला तर? 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 10 सांगतं की ऑफिस बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी केलेलं वेळेतच धरायचं. मी एकदा एका सिस्टीमच्या टेस्टिंगला मुद्दाम असा अर्ज सोमवारी भरला, लगेच लाल अक्षरात 'मुदत संपली'! प्रोग्रामरने फक्त आरटीआय कायदा वाचलेला, हा दुसरा कायदा त्याला कुणी दिलाच नव्हता. विधी विभागाचा माणूस पहिल्या दिवसापासून शेजारी बसवा, हे मी म्हणूनच कळकळीने सांगतो.

दादरहून एक सीए: कोडमध्ये साधं इफ-एल्स, म्हणजे 'असं असेल तर हे, नाहीतर ते', पुरत नाही का?

पुरतं, पण अपवाद वाढले की गुंता होतो. 2025-26 च्या नव्या कर रचनेत 12 लाख करपात्र उत्पन्नाला रिबेटमुळे (करात मिळणाऱ्या सुटीमुळे) कर शून्य, मग 12,10,000 ला स्लॅबने 61,500? नाही, मार्जिनल रिलीफने 10,000, म्हणजे 12 लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढाच कर (सेस वेगळा). फ्रान्समध्ये इन्रिया या संगणक संशोधन संस्थेने काताला ही प्रोग्रामिंगची भाषा याचसाठी केली, त्यात मूळ नियम आणि अपवाद कायद्यात आहेत तसेच वेगळे लिहिता येतात, शेजारी कलमाचा मजकूरही राहतो.

एक कक्ष अधिकारी ताई: नवा जीआर आला की जुना नियम पुसतो, चालेल ना?

अजिबात नको. प्रत्येक नियमाला लागू झाल्याची आणि संपल्याची तारीख लावा, नाहीतर जुन्या अर्जावरच्या अपिलात त्या दिवशी कोणता नियम होता हे ताई, तुम्हालाच दाखवता येणार नाही.

बोरिवलीहून: आकडेमोड तरी पूर्ण मशीनवर सोडू?

सोडा, पण सूत्र कायद्यातलंच हवं. ऑस्ट्रेलियाच्या रोबोडेटमध्ये, म्हणजे सरकारी भत्त्यांची थकबाकी मशीनने काढायच्या योजनेत, पंधरवड्याचं खरं उत्पन्न बघायचं सोडून वर्षाचं उत्पन्न सरासरीने वाटलं, आणि गरिबांना नसलेल्या थकबाकीच्या नोटिसा गेल्या.