चष्मा घसरतो? आधी कानामागे बघा

प्रश्न : माझ्या चष्म्याची फ्रेम जाड प्लास्टिकची (ॲसिटेटची) आहे, काचा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत वर लांबचा, खाली वाचनाचा नंबर, मध्ये रेघ नाही). दोन महिन्यांपासून तो सारखा नाकावरून घसरतो. बिजागरीचे स्क्रू दोनदा घट्ट केले, पण फरक नाही. उजवी काच डावीपेक्षा वर दिसते, वाचताना मान उंच करावी लागते. नातू म्हणतो, लायटरवर काडी गरम करून वाकवू. चालेल का?
— एक वाचक

उत्तर : काका, लायटर नको, अगदी नको! चष्म्यांच्या कामाला लागले त्या वर्षी एका चष्म्याची काडी मी अशीच जास्त गरम केली. काडी वाकली, पण आच काचेलाही लागली होती. उजेडात तिरपी धरली तर कोटिंगवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. ती काच बदलावीच लागली. अजूनही ती डोळ्यांपुढे येते.

स्क्रूने काडीचा खिळखिळेपणा जातो, एवढंच. चष्मा धरून ठेवतो तो कानामागचा बाक. आरशासमोर चष्मा नाकावर हवा तिथे बसवा आणि कानाच्या वरच्या टोकाशी बोट न्या. काडी तिथूनच खाली वळायला हवी. तुमची बहुधा बोटभर मागे जाऊन वळत असेल, मग चष्मा त्या फटीएवढा पुढे सरकणारच. कानाच्या त्या वरच्या टोकाशी काडीवर पेन्सिलने खूण करा.

आता भांड्यात कढत पाणी घ्या, उकळतं नव्हे. काडीचं फक्त टोक, खुणेच्या थोडं पुढपर्यंत, अर्धा-एक मिनिट बुडवा. काच पाण्याबाहेर. पुसून आधी जुना बाक सरळ करा, मग खुणेवर अंगठा ठेवून हळूहळू खाली वाकवा. अडलं की जोर लावू नका, पुन्हा बुडवा. आकार जमला की गार पाण्यात धरा, तो तसाच राहतो. दुसरी काडीही अशीच. (फ्रेम अगदी हलकी, वाकवली की उसळून पूर्ववत होणारी असेल, तर हा उपाय तिच्यावर करू नका.)

मग उजवी बाजू. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. जी काच वर, त्या बाजूची काडी बिजागरीजवळ किंचित वर वाकवायची. उलटं वाटेल, पण काडी कानावर टेकलेली असते. ती वर वळली की पुढची काच खाली येते. फ्रेम बिजागरीलगत घट्ट धरा, काचेला किंवा नाकावरच्या पुलाला धरून जोर नको. टेबलावर दोन्ही काड्या टेकतात का, हेही बघा. पण आपले दोन्ही कान एका उंचीवर असतीलच असं नाही, म्हणून शेवटचा शब्द आरशाचा.

मान उंच करावी लागते तीही यामुळेच. चष्मा घसरला की प्रोग्रेसिव्हमधला वाचनाचा भाग खाली जातो. नंबर वाढला असं समजून घाबरू नका, आधी चष्मा वर बसू दे.

बिजागरीपाशी चीर असेल, तर मात्र घरी हात लावू नका. फेविक्विकसारख्या गोंदाच्या वाफेने काचेवर पांढुरका थर बसतो.

काम झालं की मान खाली घालून डोकं हलवा. चष्मा जागचा हलला नाही, तर बाक जमला. तासाभराने कानामागे दुखलं, तर बाक थोडा सैल करा.