वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात नव्याने आलात? एवढं सांभाळा

जाहिरातदाराच्या पहिल्या भेटीत रेटकार्ड (जाहिरातींच्या दरांचा तक्ता) बॅगेतच राहू द्या. त्यांच्याकडे गिऱ्हाईक कोण येतं, धंदा कधी मंदावतो, ते आधी विचारा. सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

– एकच मोठी जाहिरात गळ्यात मारणं. लहान, पण सलग चार आठवडे आलेली जास्त लक्षात राहते.
– प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, न दाखवणं. फोन नंबरातला एक आकडा चुकला की विश्वास गेला. मी तो नंबर स्वतः लावून बघते.
– जाहिरातीच्या बदल्यात बातमीचा शब्द देणं. कधीच नको!

जाहिरात आली की अंक स्वतः नेऊन द्या, ‘फोन आले का?’ विचारा. आणि रक्तदान शिबिरांना, शाळेच्या कार्यक्रमांना पावतीपुस्तक न घेता जा. माझी कितीतरी जुनी गिऱ्हाइकं तिथेच ओळखीची झाली.