उद्यमबागेत पहिला अर्ज टाकताना

आयटीआय किंवा डिप्लोमा संपवून बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, अर्ज टाकणार असशील तर बायोडाटा एका पानाचाच कर. वर नाव, मोबाइल, गाव. त्याखाली लगेच काय काम येतं ते. "मेहनती, प्रामाणिक" सगळेच लिहितात, त्यातून काही कळत नाही. "सीएनसी लेथवर जॉब सेटिंग, मायक्रोमीटरने ०.०१ मिमीपर्यंत मोजमाप, ड्रॉइंग वाचन" असं लिही. येत नाही ते मात्र अजिबात लिहू नकोस. सुपरवायझर व्हर्नियर (मोजमापाचं साधन) हातात देऊन रीडिंग विचारतो, ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (त्यावर मोजता येणाऱ्या सर्वांत लहान मापाचा) हिशोब चुकला की बाकीच्या कागदावरचाही विश्वास उडतो.

नावाचं आधी बघ. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर नुसतं इनिशियल आणि आधारवर पूर्ण नाव, असं आपल्याकडे पुष्कळांचं असतं. पुढे पीएफच्या वेळी तेच अडतं, म्हणून दुरुस्ती आत्ताच सुरू कर.

मराठी माध्यमात शिकलास म्हणून कन्नडला बिचकू नकोस. नाव, गाव, शिक्षण, कोणतं मशीन चालवलंस, एवढं कन्नडमधून रोज मोठ्याने बोलून बघ. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. अडखळत का होईना, स्वतःचं बोललेलं चालतं.

खानापूर किंवा निपाणीकडून येणार असशील तर पहिल्या पाळीला कसा पोहोचणार, हे विचारतातच. बसची वेळ आधी बघून ठेव. पायात बूट हवेत. चपलेवर वर्कशॉपमध्ये घेत नाहीत. झेरॉक्सचे दोन सेट ने, ओरिजिनल दाखव पण ठेवून येऊ नकोस.