३४ व्या वर्षी मोतीबिंदू, तोही शुगर नसताना? लेन्सच्या पेशींत नक्की काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, शुगर नॉर्मल, तरी डॉक्टर म्हणाले लेन्सच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू सुरू झालाय, तर इतक्या लवकर कसा. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, असे पेशंट बघण्यात येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लेन्स म्हणजे कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे, आणि यातली एकही पेशी आयुष्यभर बाहेर पडत नाही, नवीन थर वरून चढतात, जुने आत दबत जातात. पुढच्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, त्या कडेपर्यंत सरकतात, तिथे लांबलचक तंतू बनतात आणि बनता बनता आपलं केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया सगळं मोडीत काढतात, कारण ते प्रकाशाच्या आड येतं. मग उरतं गच्च भरलेलं क्रिस्टलिन, म्हणजे लेन्सचं पारदर्शक प्रोटीन. आता केंद्रकच नाही तर बिघडलेलं प्रोटीन बदलणार कोण?

तुमच्या प्रकारात मात्र घोळ त्या कडेच्या पेशींचा असतो. तंतू व्हायचं सोडून त्या तशाच मागे सरकतात, फुगतात (वेडल सेल्स म्हणतात यांना) आणि नेमक्या मध्यभागी साचतात. बाहुली मोठी करून बघितलं की मागच्या लाल उजेडावर दाणेदार काळपट डाग दिसतो. डाग असतो एवढुसा, पण बरोबर वाटेत. म्हणून उन्हात बाहुली बारीक झाली की जास्त धूसर दिसतं, मोबाईल वाचायला त्रास होतो, रात्री समोरच्या गाडीचे हेडलाइट फाकतात. तुम्हालाही असंच होतंय का?

शुगर असती तर लेन्समध्ये साखरेपासून बनणारं सॉर्बिटॉल साठतं, ते पाणी ओढतं, पेशी फुगतात, ती गोष्ट वेगळी. तुम्ही आधी स्टिरॉइड कधी घेतलंय का ते आठवा, कमी वयात असा मोतीबिंदू व्हायचं ते एक मोठं कारण असतं. दम्याच्या किंवा सांध्यांच्या गोळ्या, डोळे लाल झाले म्हणून मेडिकलवाल्याने दिलेले ड्रॉप, गोरेपणाची क्रीम, कुणीतरी दिलेली सांधेदुखीची पुडी, सगळं. एक्झिमा आहे का, डोळ्याला कधी मार लागलाय का, हेही सांगा. घरात लहानपणीच मोतीबिंदू झालेला कुणी असेल तर जीन्सचा भाग येतो, कारण रक्तपुरवठा नसलेल्या आतल्या पेशी शेजारच्या पेशींशी कनेक्सिन नावाच्या प्रोटीनच्या नळ्यांनी जोडलेल्या असतात, त्यात दोष असला तरी लेन्स गढुळते.

ड्रॉप टाकून मोतीबिंदू जात नाही, त्यात पैसे घालवू नका, कामात अडचण यायला लागली की ऑपरेशन. आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका, ज्यांनी दिल्यात त्यांनाच विचारा. पुढच्या व्हिजिटला डोळ्याचं प्रेशरही तपासून घ्या, स्टिरॉइडने तेही वाढू शकतं आणि बहुतेकदा आपल्याला कळतसुद्धा नाही.