पहिली-दुसरीची मुलं वाचती करायला टीव्ही-टॅबचा खरंच उपयोग होतो का?

सर, नेमणुकीबद्दल आधी अभिनंदन. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, तुमच्याकडे पहिली-दुसरी, लोकवर्गणीतून आलेला स्मार्ट टीव्ही आणि चार टॅब आहेत. सोबतचे जुने गुरुजी म्हणतात, ते कपाटात राहू द्या आणि फळ्यावर बाराखडी घोटून घ्या. मुलांना वाचायला-लिहायला शिकवताना या वस्तूंचा खरंच उपयोग होतो का, आणि होत असेल तर नेमकं करायचं काय?

उपयोग होतो. मीही डोंगराळ भागातल्या अशाच शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, आणि पडदा चालू करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारते: पुढच्या दहा मिनिटांत किती मुलांचे डोळे अक्षरावर असतील आणि किती मुलं स्वतःच्या तोंडाने वाचतील? उत्तर "दोन-चार" असेल तर टीव्ही बंदच बरा. "जवळजवळ सगळी" असेल तर खुशाल चालू करा, गुरुजी काहीही म्हणोत.

हा निकष लावला की यूट्यूबवरचे बाराखडीचे रंगीत व्हिडिओ लगेच बाद होतात. मुलं तल्लीन होऊन बघतात, "क कमळाचा, ख खटाऱ्याचा" सुरात म्हणतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं वर्ग वाचायला लागला. एकदा व्हिडिओ थांबवा, चित्रावर हात ठेवा आणि नुसतं अक्षर दाखवून विचारा. बरीच मुलं गप्प होतील, कारण ती इतका वेळ कमळ बघत होती. त्यातले बरेच व्हिडिओ मूळ हिंदीवरून केलेले असतात. त्यात ळ गाळलेला असतो, ज्ञ चा उच्चार ग्य असा होतो, आणि चाक आणि चहा यांतले च एकाच पद्धतीने म्हटले जातात. ज्या मुलाचा कान अजून तयार होतोय, त्याच्यावर हे संस्कार नकोत.

आता माझ्या वर्गात सर्वात जास्त फळ देणारा प्रकार सांगते. त्याला इंटरनेटचं साधं कनेक्शन, एक मोबाईल आणि टीव्ही पुरतो. मोबाईलचा पडदा टीव्हीवर घ्यायचा, कोरं पान उघडायचं, कीबोर्ड मराठीवर ठेवून माइकचं बटण दाबायचं आणि एका मुलाला म्हणायचं, "काल घरी काय झालं ते एका वाक्यात सांग."

दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "आमची शेळी राती याली." टीव्हीवर उमटलं, "आमची शेळी राती आली." आणि वर्गातून तीन-चार जण ओरडले, "बाई, आली नाय, याली!"

सर, या क्षणासाठी मी टीव्हीची वीज भरायला तयार आहे. ज्या मुलांना धड्यातला परिच्छेद वाचताना आ आणि या यांच्यात काय फरक पडतो याचं काही देणंघेणं नव्हतं, ती आता एका अक्षरासाठी भांडत होती. शेळी त्यांच्या ओळखीची होती, वाक्य त्यांचं होतं, आणि यंत्राने चूक केली होती. मी आधी तिचाच शब्द दुरुस्त करून लिहिला: याली. तो सगळ्यांनी वाचला. मग शेजारी लिहिलं व्याली आणि सांगितलं की पुस्तकात हा शब्द असा भेटेल. अर्धा व कसा जोडला जातो, ते फळ्यावर काढून दाखवलं. व्य हे जोडाक्षर शिकवायला त्या दिवशी वेगळा तास लागला नाही. शेवटी प्रत्येकाने ते वाक्य वहीत हाताने उतरवून घेतलं आणि खाली स्वतःचं एक वाक्य लिहिलं. कोणी कोंबडीचं, कोणी एसटी चुकल्याचं.

इथे दोन गोष्टी जपा. मुलाची बोली खोडून लगेच प्रमाण रूप लादू नका, आधी त्याने जे म्हटलं तेच लिहा. आपण बोललो ते लिहिता येतं आणि लिहिलेलं परत वाचता येतं, हे एकदा मुलाच्या लक्षात आलं की निम्मं काम होतं. प्रमाण शब्द शेजारी आणला की तो सहज स्वीकारला जातो. दुसरं म्हणजे, वाक्य वहीत उतरवण्याची पायरी कधीही गाळू नका. टॅबवर बोट फिरवून अक्षर गिरवणारी ॲप आहेत, पण पेन्सिल धरणं, तिचा दाब, ओळीत बसवणं हे कागदावरच येतं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी प्रशिक्षणात मला कोणी सांगितली नव्हती. बालभारतीच्या पुस्तकातला ल पाकळीचा असतो आणि श देठाचा. राज्य शासनाने 2009 च्या निर्णयात मराठीसाठी हीच रूपं ठरवून दिली आहेत. पण बहुतेक मोबाईल-टॅबवर हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, अक्षर एकच आणि त्याचं रूप फॉन्ट ठरवतो. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही. पहिलीतलं मूल मात्र पुस्तकात लसूण वाचतं आणि टीव्हीवर त्याच शब्दाला अडखळतं. आपण समजतो, कालचं विसरलं. त्यामुळे मी स्वतः जे काही तयार करते, त्यासाठी मराठी वळणाची अक्षरं असलेलाच फॉन्ट वापरते. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा त्यासाठी चांगला आहे. दुसरीच्या मुलांना मग दोन्ही रूपं शेजारी ठेवून मुद्दाम दाखवायची, कारण बाहेरच्या पाट्यांवर त्यांना दोन्ही भेटणारच आहेत.

टाइप करताना इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा कीबोर्ड मुलांसमोर नको. शाळा लिहायला एस-एच कुठे आहे ते शोधायचं, हा पहिलीच्या मुलावर अन्याय आहे. देवनागरी अक्षरं दिसणारा कीबोर्ड लावा. काना, वेलांटी, उकार तिथे वेगळे दिसतात आणि मूल स्वतः अक्षर आणि मात्रा जोडतं. आमच्याकडची मुलं दऱ्या हा शब्द रोज बोलतात. तो टाइप करताना साध्या र ऐवजी ऱ निवडावा लागतो, नाहीतर दर्या होतो, म्हणजे समुद्र. दरी आणि समुद्र यांतला फरक मुलं एकदा करून बघतात आणि पुढे विसरत नाहीत.

गाण्यांचा उपयोग करा. ब्रिज कोठारी यांनी अहमदाबादच्या आयआयएममध्ये 1996 च्या सुमारास मांडलेली कल्पना अगदी सोपी आहे: गाणं ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द खाली दाखवायचे. 1999 मध्ये गुजरातीत दूरदर्शनवर सुरुवात झाली, नंतर हिंदीत चित्रहार आणि रंगोलीत तेच झालं, आणि मराठी चित्रपटांसाठी झी टॉकीजबरोबरही हा प्रयोग झाला. खाली अक्षरं असली की डोळे आपोआप तिकडे वळतात, हे त्यांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. वर्गात यासाठी कुठलं ॲप लागत नाही. पहिलीच्या पुस्तकातल्या कवितेच्या ओळी मोठ्या अक्षरात एकेक पानावर टाइप करा, कविता आपल्याच आवाजात रेकॉर्ड करा आणि आवाजाबरोबर पानं पुढे सरकवा. मुलांना कविता पाठ असते, त्यामुळे पुढचा शब्द कोणता ते ठाऊक असतं, आणि नजर तो शब्द शोधत राहते. मधेच आवाज बंद केला की वर्ग स्वतः वाचत पुढे जातो. दोन ओळींचा क्रम मुद्दाम उलटा टाकला की कोण पाठांतर म्हणतंय आणि कोण वाचतंय, ते लगेच कळतं.

चार टॅब सगळ्यांना मिळून द्यायचे ठरवलेत तर फक्त ओढाताण होईल. आमच्याकडे मुलांचे वाचनाच्या पातळीनुसार गट आहेत: अक्षरं ओळखणारी, शब्द वाचणारी, वाक्य वाचणारी. इयत्तेनुसार गट करत नाही. टॅब एका वेळी एका गटाकडे असतो, तेव्हा बाकीचे गट पाटीवर, शब्दकार्डांवर किंवा माझ्याजवळ असतात. यामागे माझा हट्ट आहे आणि त्याला आधारही आहे. पेरूमध्ये ग्रामीण शाळांतल्या मुलांना हजारो लॅपटॉप वाटले गेले. 319 शाळांच्या अभ्यासात भाषा आणि गणित या दोन्हींत फरक दिसला नाही. उलट दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला, तिथे साडेचार महिन्यांत मुलांचं हिंदी आणि गणित दोन्ही लक्षणीय सुधारलं. दिल्लीतलं सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाला तो जिथे अडलाय तिथलाच प्रश्न देत होतं, आठवीच्या मुलाला चौथीचा हवा असेल तर चौथीचा. आपल्या वर्गात हे काम गट करतात. फक्त गट दर महिन्याला पुन्हा तपासा, नाहीतर "अक्षरगटातली" अशी मुलांवर शिक्काच बसतो.

वाचन करणाऱ्या गटासाठी गूगलचं रीड अलाँग चांगलं आहे. 2019 मध्ये ते बोलो नावाने आलं, मग त्यात मराठी आली. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, अडलेला शब्द म्हणून दाखवतं. गोष्टी आधी उतरवून (डाउनलोड करून) घेतल्या तर नेटशिवाय चालतं. मात्र वर्गाच्या गोंगाटात त्याला काही ऐकू येत नाही, म्हणून मी मुलांना व्हरांड्यात बसवते. आणि बोलीचा हेल असलेल्या मुलाचं बरोबर वाचलेलंही ते कधीकधी चूक धरतं. अशा वेळी मुलाला तुमच्याजवळ बोलवा, तुम्ही ऐका आणि "बरोबर आहे" असं स्वतः सांगा.

गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. 2015 पासून आहे, मोफत आहे, मराठी गोष्टी भरपूर, आणि त्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. खुल्या परवान्यामुळे गोष्टीतली वाक्यं बदलून आपल्या गावाची करता येतात. शाळेच्या छोट्या वाचनकट्ट्यात जेवढी पुस्तकं मावतात, त्याहून कितीतरी जास्त इथे मिळतात. शिवाय टीव्हीवर अक्षर एवढं मोठं दिसतं की मागच्या ओळीतल्या मुलालाही वाचता येतं. मी पान दाखवते, पट्टी शब्दांखालून सरकवते आणि शेवटचा शब्द मुलांसाठी सोडते. मोठ्या वर्गांसाठी बालभारतीच्या संकेतस्थळावर किशोर मासिकाचे जुने अंक आहेत, थेट 1971 पासूनचे. तुमच्या जोडीच्या गुरुजींना ते दाखवा. त्यांच्या लहानपणचा एखादा अंक सापडला तर कपाटाची किल्ली मिळायला मदत होईल.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोडही वापरा. ते आपल्याकडे रुजले त्यामागे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले आहेत, ज्यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. त्यांचं मला जास्त भावलेलं काम म्हणजे, त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या घरी कन्नड बोललं जात होतं, तर त्यांनी पाठ त्या भाषेत नेले. क्यूआर कोड त्याच्यानंतर आले. तुमच्या वस्तीवर घरात काय बोललं जातं, ते आधी समजून घ्या.

बरेच शिक्षक मोबाईलमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर विसरतात. मुलाचं वाचन महिन्यातून एकदा रेकॉर्ड करून त्याच्या नावाने ठेवा आणि जुनं-नवं त्यालाच ऐकवा. अक्षर अक्षर जुळवत वाचणारं मूल स्वतःचा जुना आवाज ऐकून आपणहून म्हणतं, "मी किती थांबत होतो." मूल्यमापनाच्या तक्त्यात मी कितीही बरोबरच्या खुणा केल्या तरी हा आत्मविश्वास त्यातून येत नाही. हीच फीत पालकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवते. आमच्याकडचे बरेच आई-बाप दिवाळीनंतर कामासाठी बाहेरगावी असतात आणि मूल आजी-आजोबांकडे राहतं. गृहपाठाच्या पीडीएफ ते उघडत नाहीत, मुलाचा आवाज मात्र ऐकतात आणि रात्री फोन करून "परत वाचून दाखव" म्हणतात. एवढं सांभाळा की फीत फक्त त्या मुलाच्या घरी जाईल. चुका असलेलं वाचन सगळ्यांच्या ग्रुपवर टाकू नका.

"हे सगळं करायला वेळ कुठे?" असं गुरुजी विचारतील. तेव्हा त्यांना असरची, म्हणजे ग्रामीण भागातल्या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीची, आकडेवारी दाखवा. 2022 मध्ये देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 16.3 टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत होती, 2024 मध्ये 23.4 टक्के. सुधारणा आहे, पण चारातली तीन मुलं अजूनही मागेच आहेत, आणि त्यांनी बाराखडी घोटलेली नाही असं नाही. बाराखडी म्हणता येणं आणि शब्द वाचता येणं यांच्यामध्ये जी दरी आहे, ती भरायला रोज वीस मिनिटं पुरतात.

विजेचा भरवसा धरू नका. टॅब घरून चार्ज करून न्या, गोष्टी आणि कवितेची पानं आधीच उतरवून ठेवा, आणि वीज गेली तर तेच वाक्य फळ्यावर लिहून तास पुढे चालू ठेवा. सोमवारी सुरुवात करायची असेल तर बाकी काही नको: एक मूल, एक वाक्य, माइकचं बटण. काय उमटलं आणि मुलं कशावरून भांडली, ते इथे खाली जरूर लिहा.