पाच दिवसांचं लंडन आणि चौघांची चार मनं

"मॅडम, आम्ही मजा करायला निघालोय आणि घरात रोज भांडणं होतायत. आमच्यातच काही बिनसलंय का?" परदेशी सहल ठरवताना हा प्रश्न घेऊन येणारी कुटुंबं मला समुपदेशनाच्या कामात वरचेवर भेटतात. सहल रद्दच करून टाकावी, इथपर्यंत बऱ्याच जणांची मजल गेलेली असते. अशाच एका कुटुंबाची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई, वडील, पंधरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. लंडनमध्ये हाताशी पाचच दिवस. वडिलांनी तासातासाचा तक्ता केला होता: टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबी, बकिंगहॅम पॅलेस, ग्रिनिच, ब्रिटिश म्युझियम, शिवाय एक अख्खा दिवस स्टोनहेंजच्या प्राचीन शिळावर्तुळाला. आई कापडावर डिझाइन करते, तिला व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्युझियममधली जुनी वस्त्रं निवांत बघायची होती. मुलाला हवं होतं लॉर्ड्स. "सामना नसताना रिकामं मैदान काय बघायचं?" असं वडील म्हणाले आणि त्या दिवसापासून मुलाने सहलीचा विषयच टाकला. आजींचं उत्तर ठरलेलं, "मला काहीही चालेल."

मी तक्ता बाजूला ठेवायला सांगितला आणि वडिलांना विचारलं, यातलं काही राहून गेलं तर काय होईल? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पुन्हा जमेल की नाही कोणास ठाऊक. एवढा खर्च करून गेलो आणि कुणाचं काही राहिलं, तर ते माझ्यामुळे राहिलं असं होईल." घरात सगळे त्यांना हट्टी समजत होते. मला मात्र त्या तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात धास्ती दिसत होती. त्यांच्या पत्नीने हे पहिल्यांदाच ऐकलं. आवाज खाली आला तो तिथे.

मग मुलाला विचारलं, रिकाम्या मैदानात तुला काय बघायचंय? तो म्हणाला, "उतार." लॉर्ड्सचं मैदान सपाट नाही. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सुमारे अडीच मीटरचा उतार आहे, त्यामुळे टप्पा पडल्यावर चेंडू उताराच्या दिशेने थोडा जास्त वळतो. मुलगा स्वतः वेगवान गोलंदाजी करतो. कोणत्या टोकाकडून चेंडू आत येईल, कोणत्या टोकाकडून बाहेर जाईल, हे तो टेबलावर बोटाने रेषा काढून सांगत होता आणि वडील पुढे झुकून ऐकत होते. 'लॉर्ड्स' हे नाव त्यांनी अनेकदा ऐकलं होतं, त्यामागचं कारण एकदाही नाही. घराघरांत असंच होतं. आपण एकमेकांना ठिकाणांची नावं सांगतो आणि नावांवर भांडतो.

आजींशी मी वेगळी बोलले. सगळ्यांसमोर विचारलं असतं तर त्या पुन्हा "काहीही चालेल" म्हणाल्या असत्या. त्यांनी आयुष्यभर शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानात १७७५ साली दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं एक सायकॅडचं, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या प्राचीन वनस्पतिकुळातलं, झाड आहे आणि तेच त्यांना बघायचं होतं. ते जगातलं सर्वांत जुनं कुंडीतलं झाड मानतात, आणि १८४०च्या दशकात बांधलेल्या काचेच्या पाम हाउसमध्ये ते आजही उभं आहे. "मुलांना सायकॅड शिकवताना फळ्यावर चित्र काढायचे," आजी म्हणाल्या, "पण माझ्या गुडघ्यांपायी सगळ्यांचा एक दिवस का घालवायचा?"

दुसऱ्याचं मन राखायचं म्हणून प्रत्येकाने गप्प राहायचं आणि शेवटी कुणालाच नको असलेल्या ठिकाणी सगळ्यांनी मिळून जायचं, याला ॲबिलिन या गावावरून ॲबिलिनचा विरोधाभास म्हणतात. जेरी हार्वे या अमेरिकी प्राध्यापकांनी १९७४ साली तो मांडला, तोही त्या गावी गेलेल्या एका कौटुंबिक सहलीच्या उदाहरणातून. म्हणून मोठ्याने भांडणाऱ्यांपेक्षा गप्प बसणाऱ्या माणसाची मला जास्त काळजी वाटते.

पुढच्या भेटीत प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची असं ठरलं, जी चुकली तर खरंच हळहळ वाटेल अशी. आई, मुलगा आणि आजींचं उत्तर तयार होतं. वडिलांनी बराच विचार करून स्टोनहेंज निवडलं. बाकी कुणाला तिथे जायचं नव्हतं. लंडनपासून ते सुमारे १४० किलोमीटर दूर, जाण्यायेण्यातच चार-पाच तास. त्यावर त्यांची पत्नी सहज म्हणाली, "अहो, मग तुम्ही जाऊन या ना." ते चपापले. "सगळ्यांना सोडून मी एकटा जाऊ?"

खरी अडचण हीच होती. सहल कुटुंबाची आहे म्हणजे चौघांनी दिवसभर एकमेकांना चिकटूनच फिरायचं, हे त्यांनी कधी तपासूनच पाहिलं नव्हतं. पत्नीच्या बोलण्यात राग नाही, एक दिवस आरामात उठायची मोकळीक तिलाही हवी आहे, हे त्यांना पटायला ती सगळी भेट लागली. मला तो वेळ मोलाचा वाटतो.

उरलेलं भराभर जमलं. व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट, सायन्स म्युझियम आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम ही तिन्ही साउथ केन्सिंग्टनमध्ये जवळजवळ समोरासमोर आहेत. आई एकीकडे, वडील नि मुलगा अपोलो १० चं यान बघायला सायन्स म्युझियममध्ये, आजी २५ मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली बाकावर, आणि ठरल्या वेळी सगळे एकत्र. तिथल्या कायम दालनांना तिकीट नाही, याचा मोठा फायदा असतो. पैसे भरलेले असले की पाय दुखत असले तरी माणूस वसूल करत फिरतो आणि मग चिडतो. तिथूनच भुयारी रेल्वेची डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी थेट क्यू गार्डन्सला जाते. लॉर्ड्सची फेरी मोठ्या सामन्यांच्या दिवशी बंद असते, म्हणून तिची तारीख आधी पक्की केली आणि बाकीचं तिच्याभोवती बसवलं. पहिला दिवस प्रवासाच्या थकव्यासाठी जवळपास मोकळा सोडला.

परत आल्यावर ते भेटायला आले. सगळं सुरळीत झालं नव्हतं. वस्त्रांच्या दालनात आईला वेळेचं भान राहिलं नाही, मुलगा ठरल्या जागी ताटकळला आणि दोघांचं चांगलंच वाजलं. ग्रिनिच आणि ॲबी राहिलं. पण लॉर्ड्सला वडील आपणहून मुलाबरोबर गेले होते, आणि क्यूमध्ये आजींनी नातवाला सायकॅड समजावून सांगितलं होतं.

वाद खरोखर सहलीचा असेल तेव्हाच हा मार्ग उपयोगी पडतो. काही घरांत खर्चाचे जुने हिशेब, सासरमाहेरची दुखणी, कुणी कुणासाठी काय सोडलं याची मोजदाद त्या तक्त्यात उतरलेली असते. तिथे कितीही न्याय्य वाटणी केली तरी नवं भांडण उभं राहतं. अशा कुटुंबांना मी तारखा पुढे ढकलायला स्पष्ट सांगते, आणि आधी त्या दुखण्यावर बोलायला बसवते.