छतावर स्वतः तयार केलेल्या सौर विजेवर सरकार कर लावू शकतं का?

लावू शकतं. स्पेनने लावून पाहिला, आणि तीन वर्षांत मागे घेतला.

ऑक्टोबर 2015 मध्ये तिथे शाही अध्यादेश निघाला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'सूर्यकर'. 10 किलोवॉटपेक्षा मोठी यंत्रणा असेल, तर स्वतः बनवून स्वतःच वापरलेल्या विजेवरही आकार भरायचा! लहान घरांना त्यातून सूट होती, पण जास्तीची वीज ग्रीडला (म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला) दिली तर त्यांना मोबदला शून्य. नियम मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा 6 कोटी युरो. (आकडा बरोबर वाचलात.)

सरकारचा युक्तिवाद मात्र अगदीच पोकळ नव्हता. तारा, खांब, उपकेंद्रं यांचा खर्च बिलातूनच निघतो. सौरवाल्याचं बिल घटलं की तो बोजा शेजाऱ्यावर सरकतो, आणि रात्री सौरवाल्यालाही ग्रीड लागतंच. शिवाय स्पेनच्या वीजव्यवस्थेवर आधीच अब्जावधी युरोंची तूट साचली होती.

तरीही माझ्या मते जागा चुकली. ग्रीडचा खर्च वसूल करायचा तर जोडणीवर स्थिर आकार लावा. जी वीज ग्रीडवर गेलीच नाही, तिच्यावर कसला आकार? ऑक्टोबर 2018 मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला.